एकचाकीसाठी फूटपट्टी

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळ



हे पत्र आपल्याच एका सुरक्षारक्षकाच्या बाजूने लिहिलेले आहे. तो पुण्यात वनाजचा असेल, मंडईचा असेल किंवा नागपुरात सीताबर्डीचा. सकाळी नऊच्या गर्दीत त्याच्यासमोर एक तरुण येऊन उभा राहतो. डोक्यावर हेल्मेट, मनगटांना जाड पट्टे आणि हातातल्या दांड्याच्या टोकाला प्लास्टिकच्या कवचात बसवलेले एकच जाडजूड चाक. "हे काय आहे?" "इलेक्ट्रिक युनिसायकल." "म्हणजे सायकल?" "तशी नाही." "मग स्कूटर?" "तीही नाही." मागे रांग वाढते. रक्षक वॉकीटॉकीवर विचारतो, पलीकडून उत्तर येते, "थांबव त्याला, विचारून सांगतो." कुणाला विचारायचे, हे पलीकडच्यालाही ठाऊक नसते. प्रसंग कल्पनेतला आहे, पण फार लांबचा नाही. आणि तो घडेल तेव्हा निकाल नियमावर लागणार नाही, त्या दिवशी फाटकावर कोण उभा आहे यावर लागेल.

महामेट्रोने ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात गाड्या सुरू केल्या तेव्हा डब्यात सायकल नेण्याची मुभा दिली होती. निर्णय शहाणपणाचा होता. घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून कचेरीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर हीच मेट्रोची खरी अडचण आहे, हे त्यात मान्य केलेले होते. पुण्यात अनेक स्थानकांपाशी दुचाकी लावायला धड जागा नाही. पेठांमध्ये तर नवी जागा निघण्याची आशाही कुणी धरू नये. अशा शहरात ज्या वाहनाला बाहेर जागाच लागत नाही, जे मालकाबरोबर आत येते आणि त्याच्या पायांशी उभे राहते, त्याचा विचार आज ना उद्या करावाच लागणार आहे.

या वाहनाची जन्मकथा थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कॅमस गावी राहणारे चिनी वंशाचे संशोधक शेन चेन यांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीला 'सोलोव्हील' बाजारात आणली. चाकाच्या मधोमध मोटर, वर बॅटरी, आत तोल मोजणारा जायरोस्कोप आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला मिटणारे पत्रे. अंग पुढे झुकवले की चाक पुढे धावते, मागे झुकवले की थांबते. डावी-उजवी बाजू सांभाळायची ती स्वाराने, सायकलवर सांभाळतो तशीच. हँडल नाही, सीट नाही, साखळी नाही. त्या पहिल्या चाकाचे वजन सुमारे ११ किलो होते. पुढे शेन्झेन आणि परिसरातल्या कारखान्यांनी हा धंदा हाती घेतला आणि चाकांना बाळसे धरायला लावले.

बाळसे किती, ते स्वयंपाकघराच्या मापाने सांगणे सोपे. घरगुती गॅसचे रिकामे सिलिंडर पंधरा-सोळा किलोचे असते आणि भरलेले साधारण तीस किलोचे. इनमोशन कंपनीचे 'व्ही ८' हे सोळा इंची चाक सुमारे १४ किलोचे, म्हणजे रिकाम्या सिलिंडरहून हलके. त्याच कंपनीचे 'व्ही ११', हवेच्या स्प्रिंगवर डुलणारे, २७ किलोचे, म्हणजे भरलेल्या सिलिंडरच्या जवळ पोहोचलेले. आणि 'व्हेटरन शर्मन' नावाचा राक्षस ३५ किलोचा. पहिले एका हाताने जिना चढवता येते. दुसरे चढवताना दोन मजल्यांवर श्वास लागतो. तिसरे चढवण्यापेक्षा त्याचा मालक लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत खाली थांबणे पसंत करतो. तिन्ही एकाच नावाखाली विकली जातात, आणि नियम करणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते.

वजन सगळा वेळ उचलावे लागत नाही, हेही सांगायला हवे. बहुतेक चाकांना बॅगेसारखा ओढून लांब होणारा दांडा असतो. चाक चालू ठेवून दांडा धरला तर पुढचा-मागचा तोल ते स्वतःच राखते आणि पाळीव प्राण्याच्या समजूतदारपणाने शेजारून चालत येते. जिना आला की उचलायचे. पण चालू चाक जमिनीवरून उचलले तर ते हवेत गरगर फिरू लागते. म्हणून बऱ्याच चाकांत मुठीच्या खालच्या बाजूला एक बटण असते. उचलताना बोटांनी ते दाबले की मोटर सुटते. ज्याला हे बटण माहीत नाही तो नवशिक्या फलाटावर स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या नडग्या सोलवटून घेतो.

डब्यातली गोष्ट आणखी वेगळी. चालू चाक धावत्या गाडीत उभे ठेवू नये. गाडीने वेग घेतला किंवा ब्रेक लावला की आतला जायरोस्कोप गोंधळतो आणि चाक आपल्या मताने चालू पडते. ते बंद करावे. पण बंद चाकाला ब्रेकही नसतो. भिंतीला टेकवले तरी ते हळूच घरंगळते. यावर साधा उपाय आहे: पत्रे मिटायचे, दांडा आत घ्यायचा आणि बसलेल्या माणसाने चाक दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरायचे, म्हणजे त्याची घरंगळायची दिशा प्रवासाच्या दिशेला काटकोनात राहते. उभे राहायचे असेल तर डब्याच्या टोकाची भिंत आणि स्वतःचा गुडघा यांच्यामध्ये ते अडकवायचे. चांगले स्वार हे आपोआप शिकतात. पण सगळेच चांगले नसतात, आणि नियम चांगल्यांसाठी करायचा नसतो.

आता प्रश्न येतो तो ते लावायचे कुठे हा. इथे कारखानदारांनी स्वारांना चक्क वाऱ्यावर सोडले आहे. वेग वाढवला, बॅटरी वाढवली, दिवे झगमगवले. पण साखळी ओवायला एक धड पोलादी कडी द्यावी, हे अनेकांना वर्षानुवर्षे सुचले नाही. साखळी घालायची तर ती मुठीतून, आणि मूठ बहुधा स्क्रूंनी बसवलेली. बऱ्याच चाकांना मोबाइलवरून कुलूप घालता येते. मग कुणी हात लावला की ते बोंब ठोकते. पण चोराला ते चालवायचे नसतेच, काखोटीला मारून न्यायचे असते. लाखभर रुपयांची वस्तू, उचलायला सूटकेसएवढी, आणि ओरडली तरी मोटारींच्या अलार्मची सवय झालेल्या शहरात वळून बघणार कोण? म्हणून एकचाकीवाला तिला दुकानाबाहेर लावत नाही. तो तिला बँकेत, हॉटेलात, दवाखान्यात आणि कचेरीतल्या टेबलाखाली बरोबर नेतो. तिला पार्किंग लागत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे. तिला आतले पार्किंग लागते, म्हणजे जिन्याखालची जागा, कपाटामागचा कोपरा.

उभे ठेवण्याचीही तीच रड. पुष्कळ चाकांना स्टँड नसतो. मग कुणी वाकवलेल्या सळीचा स्टँड वेगळा विकत घेतो, कुणी थ्रीडी प्रिंटरवर पाचर छापून घेतो, कुणी सरळ चाक आडवे झोपवतो आणि कवचावर ओरखडे ओढवून घेतो. 'व्ही ११'ला स्टँड मुळातच जोडलेला आला तेव्हा स्वारांनी त्याचे जे स्वागत केले, ते पाहून कारखानदारांना काहीतरी शिकता आले असते.

या वाहनाला जोडायच्या वस्तूंची यादी वाढतच जाते, पण आपल्या कामाच्या त्यातल्या मोजक्याच. मडगार्ड पहिला. पुण्याच्या पावसाळ्यात मूळचा आखूड मडगार्ड चिखलाची सरळ रेघ स्वाराच्या पाठीवर मानेपर्यंत काढतो; त्याला मागे रबरी पट्टी जोडावीच लागते. दुसरी वस्तू खोळ. जाड निओप्रीनचे आवरण चाकाला धक्क्यापासून वाचवते आणि, मेट्रोच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, शेजाऱ्याच्या पँटला चाकापासून वाचवते. ओले, चिखलाने माखलेले चाक उघडे घेऊन डब्यात शिरणाऱ्याला रक्षकाने खुशाल परत पाठवावे. तिसरी वस्तू दिवा. चाकाचे दिवे गुडघ्याच्याही खाली असतात, ते मोटारवाल्याला दिसत नाहीत. म्हणून हेल्मेटच्या मागे लाल दिवा लावतात. हवेच्या तोंडाला जोडायची छोटी वाकडी नळी ही चौथी, आणि तिची थट्टा करू नये. कवच आणि रिम यांच्या फटीत दडलेल्या व्हॉल्व्हपर्यंत नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप पोहोचतच नाही. पंक्चर झालेच तर चाक खोलायला स्क्रूंची अशी फौज काढावी लागते की तो पंक्चरवाला हात जोडतो. त्यामुळे शहाणा स्वार टायरमध्ये आधीच सीलंट भरतो आणि हवा रोज बघतो, कारण मऊ टायर घेऊन आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात उतरले की रिम वाकते.

उलट बाजूच्याही काही वस्तू आहेत. पायाची पकड घट्ट व्हावी म्हणून पत्र्यांवर लोखंडी काटे बसवण्याची हौस अनेकांना असते. मोकळ्या माळावर ती ठीक. गर्दीच्या डब्यात तो काटेरी पत्रा दुसऱ्याच्या पोटरीला लागला तर रक्त काढतो. वर बसवायच्या सीट आणि बोल्टने कसलेले लोखंडी रॅकही तसेच. चाकाचा हातात मावण्याचा गुणच ते घालवतात.

हे सगळे झाले सोयीचे. खरी भीती आगीची आहे, आणि ती खोटी नाही.

१ नोव्हेंबर २०२१ रोजी लंडनमध्ये पार्सन्स ग्रीन स्थानकात डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाडीत एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने १३ डिसेंबर २०२१ पासून खासगी ई-स्कूटर आणि ई-युनिसायकल आपल्या सगळ्या सेवांमधून हद्दपार केल्या. घडी घालता येणाऱ्या असोत की हातात धरलेल्या, सवलत नाही. दंड एक हजार पौंडांपर्यंत. पेटली होती स्कूटर, बंदी मात्र एकचाकीवरही आली. घडीच्या ई-सायकली तेव्हा सुटल्या आणि न मिटणाऱ्या ई-सायकलीही सुटल्या. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये रेनर्स लेन स्थानकाच्या फलाटावर एक ई-सायकल पेटली आणि ३१ मार्चपासून न मिटणाऱ्या ई-सायकलींनाही मनाई झाली. बार्सिलोनातही तोच क्रम: नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडीत स्कूटरला आग, १ फेब्रुवारी २०२३ पासून सार्वजनिक वाहतुकीत स्कूटरबंदी. म्हणजे जे पेटले त्याचे नाव यादीत चढवायचे आणि पुढचे पेटेपर्यंत थांबायचे. लिथियमच्या पेशीला मात्र आपण स्कूटरमध्ये आहोत की सायकलमध्ये, याची खबर नसते.

सिंगापूरने दुसरा रस्ता धरला. तिथे गाडीत न्यायच्या वाहनाला माप लावले: १२० सेंटिमीटर लांब, ७० रुंद, ४० जाड, याच्या आत मावले पाहिजे. १ जुलै २०१९ पासून 'यूएल २२७२' या अग्निसुरक्षा मानकात न बसणाऱ्या वाहनांची विक्री बंद केली. हे मानक अमेरिकेत हॉव्हरबोर्ड धडाधड पेटू लागल्यावर २०१६ मध्ये आले. त्या वर्षी जुलैत तिथे पाच लाखांहून अधिक हॉव्हरबोर्ड परत मागवावे लागले होते. सिंगापूरची खरी मेख पुढे आहे. ३ एप्रिल २०२० पासून तिथे इलेक्ट्रिक युनिसायकलला पदपथावर चालवायला बंदी झाली, पण गाडीत हातातून न्यायला नाही. चालवणे वेगळे आणि नेणे वेगळे, हा फरक त्यांनी राखला.

आपल्याकडे तो फरक जास्तच उपयोगी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अडीचशे वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीवरच्या वाहनाला मोटार वाहन मानत नाहीत. 'व्ही ८'ची मोटरच ८०० वॉटची आहे, शर्मनची अडीच हजारांची. त्या सुटीत ही चाके बसत नाहीत. ती रस्त्यावर कुठे आणि कशी चालावीत हे परिवहन खात्याने ठरवावे, आणि लवकर ठरवावे. पण तो महामेट्रोचा प्रश्न नाही. कुणी आपल्या सोसायटीच्या किंवा कंपनीच्या आवारात चालवायला चाक घेऊन निघाला, तर तो मेट्रोच्या लेखी सामान घेतलेला प्रवासी आहे.

सामानाची मापे आपल्याच देशात तयार आहेत. दिल्ली मेट्रोत बॅग २५ किलोपर्यंतची आणि ८० बाय ५० बाय ३० सेंटिमीटरच्या आतली चालते. सोळा इंची चाक उंचीला साधारण अर्धा मीटर आणि पत्रे मिटल्यावर जाडीला २५ सेंटिमीटरच्या आत असते. ते या मापात बसते. २७ किलोचे बसत नाही, ३५ किलोचे तर नाहीच. नावांची यादी करण्याची गरजच उरत नाही. वजनकाटा आणि फूटपट्टी चाळणीचे काम करतात. त्यातून बॅटरीचीही चाळणी बरीचशी होते, कारण वजन वाढते ते मुख्यतः बॅटरीने. 'व्ही ८'मध्ये ४८० वॉट-तास, 'व्ही ११'मध्ये १५०० आणि शर्मनमध्ये ३२००. विमान कंपन्यांची मर्यादा याहून कितीतरी कडक आहे: १०० वॉट-तासांपर्यंत मुक्त, १६० पर्यंत परवानगीने, त्यावर प्रवासी विमानात प्रवेशच नाही. त्यामुळे पुण्याहून विमानाने चाक घेऊन फिरायला जायचे बेत आखणाऱ्यांनी ते आजच मोडावेत. मेट्रोला इतके कडक व्हायचे कारण नाही, कारण गाडी काही मिनिटांत पुढच्या स्थानकात थांबते आणि दारे उघडतात. पण ५०० वॉट-तासांच्या आसपास एक रेघ आखून द्यायला हरकत नसावी.

राहिला दर्जाचा प्रश्न. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. त्या उन्हाळ्यात देशभर अशा घटना घडल्या आणि केंद्राने दुचाकींच्या बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. एकचाकीला तशी चाचणी इथे कुणी लावलेली नाही. पण वाहनांची तपासणी करणारी 'एआरएआय' ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. आपला वनाजचा मार्ग तिच्या पायथ्याच्या बाजूनेच जातो. त्यांच्या तज्ज्ञांना एक दिवस बोलावून कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरायचे, त्याचा शिक्का कवचावर कुठे असतो आणि फुगलेली किंवा ओली बॅटरी बाहेरून कशी ओळखायची, एवढे रक्षकांना शिकवून घ्यावे. घरी बनवलेली किंवा उघडून पुन्हा जोडलेली बॅटरी असेल तर तो प्रवासी कितीही नम्र असला तरी आत सोडू नये. स्थानकात आणि डब्यात चार्जिंग तर कुणालाच करू देऊ नये. लिथियमची बॅटरी चार्ज होताना दगा देण्याचा धोका मोठा असतो, आणि भिजून आलेली लगेच चार्जरला लावणे ही तर स्वारांची नेहमीची घाई आहे.

तेव्हा मागणे एवढेच आहे. फाटकाच्या आत चाक बंद करून, खोळीत घालून, हाताने न्यावे. फलाटावर कुणी त्यावर स्वार झालेला दिसला तर दंड करावा. वजन २५ किलोच्या आत, माप बॅगेचे, पत्र्यांवर काटे नाहीत, बॅटरीवर मान्य शिक्का. गर्दीच्या वेळी पहिला किंवा शेवटचा डबा. आणि ज्यांचे चाक या मापात बसत नाही त्यांच्यासाठी पुण्यातले जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) आणि नागपुरातले सीताबर्डी या दोन अदलाबदलीच्या स्थानकांवर, फाटकाच्या बाहेर, माणसाची नजर असलेल्या कोपऱ्यात पोलादी कड्या असलेली एक फळी प्रयोगादाखल बसवावी. तिच्यावर सायकलवाल्यांचे हेल्मेट आणि पिशव्याही राहतील, त्यामुळे चाके विरळ असली तरी ती रिकामी पडणार नाही.

ही वाहने आज आपल्या शहरांत क्वचितच दिसतात, म्हणून नियमाची घाई कशाला, असे आपल्या कचेरीत कुणीतरी म्हणेल. लंडनचा अनुभव त्याला वाचून दाखवावा. आगीनंतर केलेला नियम आठवड्यांत येतो आणि सरसकट येतो. त्यात १४ किलोचे चाक आणि ३५ किलोचे चाक एकाच पिंजऱ्यात जातात. आधी केलेला नियम मोजून करता येतो. वर सुचवलेला सगळा मजकूर फाटकाशेजारच्या एका फलकावर मावेल. सामानाच्या नियमावलीत पुढची दुरुस्ती होईल तेव्हा तो त्यात घालावा आणि त्याची एक प्रत, मराठीत, प्रत्येक रक्षकाच्या खिशात द्यावी, ही विनंती.

कळावे,
मेट्रोचा एक नियमित प्रवासी